आधी पाहुणा, मग मी

१२ फेब्रुवारी, शनिवार

मठातल्या स्वामींच्या, आमच्या अय्यांच्या, सांगण्यावरून ही डायरी सुरू करतो आहे, माझ्या हौसेने नव्हे. काल शिवरात्र झाली. आज उपास सोडायच्या आधी दर्शनाला गेलो तर म्हणाले, "माणिकप्पा, नवस बोललास, चांगलं झालं. आता रोज दोन ओळी लिहीत जा, देवानं आज काय दिलं ते. न्हाईतर देणारा माणूस लवकर फुगतो." उभा जन्म उदगीरच्या मोंढ्यात अडतीचं दुकान चालवलं, फुगायला सवड होती कुणाला? पण अय्यांचा शब्द मोडवत नाही. आमच्या मुलाने, शिवप्पाने, लातूरहून खताच्या कंपनीची डायरी पाठवली होती. ती कपाटात पडून होती, तीच काढली.

नवस असा. दिवाळीनंतर हिची पिशवी काढावी लागली. अंगावरून इतकं जात होतं की लक्ष्मम्मा म्हणून हाक मारली तर ओ द्यायलाही तिला वेळ लागायचा. लातूरच्या दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी बाहेर महादेवाला म्हणालो, हिला तिच्या पायांनी घरी येऊ दे. शिवरात्रीपासून पुढच्या शिवरात्रीपर्यंत रोज एक तरी पाहुणा माझ्या घरी गरम जेवेल, आणि तो जेवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. ही चालत घरी आली. देवाने त्याचं काम केलं, आता माझं.

पाहुणा शोधायला स्टँडवर गेलो. फुकट जेवायला चला म्हटलं की माणसं मागे सरतात हे आज कळलं. शेवटी देगलूरकडे निघालेला एक बांगडीवाला आला, तोही गाडी चुकली म्हणून. पोटभर जेवला. मग मी जेवलो, तोवर दुपार कलली होती. भाकरी, वरण, वांग्याची भाजी, हिच्या हातची. देवाने आज काय दिलं ते हेच.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून उदगीरात दोन जातीचे लोक उरले आहेत. एक लातूरला गेलेले, आणि दुसरे, जिल्हा लातूरला का दिला, उदगीरला का नाही, म्हणून चौबाऱ्यात बसून भांडणारे. मी दुसऱ्यांतला. शिवप्पा पहिल्यांतला. त्याने दुकानच तिकडे नेलं.

आज पाहुणा मिळेना. हिने दोनदा वरण गरम केलं. मी पोटात कावळे घेऊन मोंढ्यात फिरलो तर दगडोबा भेटला. आमच्या दुकानात याने हमाली केली, आता गुडघे गेले म्हणून बसून असतो. मला बाजूला घेऊन म्हणतो, "आप्पा, खरं सांगा. झेडपीला उभं ऱ्हायलाव का? नवा जिल्हा हाय, नव्या खुर्च्या हायत."

"खुर्ची नको मला. पाहुणा पाहिजे."

"मग मी हाय की! सांगाव की न्हाई आधी. रोज येतो. खायला काय मेहनत लागायली?"

जेवला. ताटात मीठही ठेवलं नाही. जाताना हिला म्हणाला, "अम्मा, तुमच्या नवसाला वरीस लई कमी हाय." ही हसली. ऑपरेशननंतर हसताना पोटावर हात ठेवायची सवय लागली आहे तिला.

४ मार्च, शुक्रवार

आता पाहुण्यांची वाट पाहायला नको. गावाबाहेर पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम निघालं आहे आणि खडी फोडायला आलेल्या बाया दुपारच्या सुट्टीत आमच्या ओट्यावर येतात. पाऊस गेल्या वर्षीच दगा देऊन गेला. रानात आता बघवत नाही. या बायांत एक सिंधु म्हणून आहे, जळकोटकडच्या खेड्यातली. नवरा भुजंग हैदराबादला बांधकामावर गेला, त्याचा सांगावा येत नाही. बाई बोलायला फटकळ, पण जेवायच्या आधी ताटाला हात जोडते. ते मला आवडलं.

आपण खाऊन-पिऊन सुखी आहोत, आडाला अजून पाणी आहे, कणगीत ज्वारी आहे. अशा साली दुसऱ्याच्या तोंडात घास घालायला मिळतो हे भाग्यच. सगळ्या बाया जेवून उठेपर्यंत मी ओट्यावर बसून असतो. भुकेने डोकं चढतं, पण बसतो. नवस म्हणजे काही सोपी गोष्ट नाही.

रात्रीसाठी पीठ चाळता चाळता ही म्हणाली, "अवो, शिधा दिला तर चालंल का? ज्वारी, डाळ, मीठ. बाया त्यांच्या हातानं रांधून खातील."

मी म्हटलं, नवस गरम अन्नाचा आहे, दाण्यांचा नाही. दाणे तर मी आयुष्यभर विकले. ती पुन्हा पीठ चाळायला लागली. पटलं असावं.

डॉक्टरने तिला वर्षभर घागर उचलू नका म्हणून बजावलं आहे. आडाचं पाणी खाली गेलं, दोर वाढवावा लागला. ही घागर घेत नाही, कळशीनेच आणते. खेपा जास्त होतात, पण काळजी घेते बिचारी.

२० मार्च, रविवार

शिवप्पा आणि सूनबाई महानंदा येऊन गेले. शिवप्पाच्या तोंडात लातूरशिवाय दुसरी गोष्ट नाही. कलेक्टर हपिस, नवं कोर्ट, नवे रस्ते. मी म्हटलं, रस्ते झाले, पाऊस पण पडतो का तुमच्या जिल्ह्यात? तो चिडला.

मग म्हणाला, "अप्पा, अव्वाला घेऊन चला तिकडं. नळाला पाणी येतंय. अव्वाचं तोंड बघितलाव का? काय झालंय ते?"

"ऊन आहे. सगळ्यांचीच तोंडं तशी झालीत."

"तुमचा नवस लातूरला फिटत न्हाई का? तिकडं भुकेले न्हाईत का?"

त्याला काय सांगणार. जिथे ही चालत आली त्या उंबऱ्यावर नवस फेडायचा. आणि मधेच जागा बदलली, एखादा दिवस चुकला, तर? देवाशी केलेला सौदा आहे. माल त्याने आधी दिला आहे. मी हात आखडला आणि त्याने दिलेलं परत घेतलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? हे मी शिवप्पाला बोललो नाही, पण हिला पूर्वी एकदा बोललो आहे. ती तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली होती.

महानंदा चार दिवस राहते म्हणत होती. हिनेच तिला परत पाठवलं, पोरांच्या परीक्षा आहेत म्हणून.

३ एप्रिल, रविवार

आज मनापासून लिहिण्यासारखं आहे. गेला आठवडाभर भाकरी एकदम पातळ, पापुद्रा सुटलेली येते आहे. ऑपरेशनपासून हिच्या हातात जोर नव्हता, भाकरी जाड आणि कडेला चिरलेली यायची. मी बोललो नाही कधी. आता हात सुधारला. ओट्यावरून मोठ्याने म्हटलं, "आज भाकरी झकास झाली!" आतून ही म्हणाली, "हाव का? बरं झालं."

सिंधु हल्ली कामाला जायच्या आधी येऊन पाणी शेंदून देते. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने घागर उचलावी हे मला रुचलं नाही. पण ती म्हणाली, "आप्पा, फुकटचं गिळवत न्हाई मला. तुमाला काय तरास हाय?" मी एवढंच सांगितलं की आत चुलीपर्यंत जायचं नाही. गळ्यात लिंग नसलेल्याने आमच्या चुलीला शिवायचं नाही हा आमच्या लिंगायत घरातला, आईपासूनचा रिवाज. मी रोज पूजा करून लिंगाला नैवेद्य दाखवतो, त्यामुळे तेवढं पाळावं लागतं. सिंधु म्हणाली, "बरं." तिला राग आला असेल तर दिसला नाही.

स्वयंपाकघराचं दार ही आता ओढून घेते. धुराने माझे डोळे चुरचुरतात म्हणून. माझी किती काळजी करते.

१४ एप्रिल, गुरुवार

पाडवा. गुढी मीच उभारली, हिला वर हात करवत नव्हता. पुरण झालं. कामावरच्या बाया, दगडोबा, स्टँडवरचा एक आंधळा, एवढी पंगत. हिने वाढायला बाहेर यावं अशी माझी इच्छा होती, सणाचा दिवस. आली नाही. सिंधुनेच वाढलं. मी आत जाऊन म्हटलं, नवस तुझ्यासाठीच ना, मग तूच तोंड लपवून बसलीस तर कसं? म्हणाली, "आज तेवढं घ्या सांभाळून."

२४ एप्रिल, रविवार

थकलो. खोटं कशाला लिहायचं, रोज तेच तेच लिहून हात दमला आणि मनही दमलं. ऊन असं की ओटा दुपारी शिवला तरी चटका बसतो. पंगती वाढल्या. आज एक जण आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरला. आणखी एकाने विचारलं, भात न्हाई का? पोटात आग पडलेली असताना हसून बोलावं लागतं. दिल्याचा आनंद होतो म्हणतात, मला तर फक्त जेवणाऱ्यांची तोंडं मोजत बसावंसं वाटतं. अय्यांना हे सांगितलं तर काय म्हणतील कोण जाणे. देवाने आज काय दिलं ते सुचत नाही. ही आहे, एवढं लिहितो.

६ मे, शुक्रवार

आज चिडलो. आडाला आता तळ दिसतो. सकाळभर झरा पाझरतो तेव्हा कुठे दोन-चार घागरी निघतात, त्यात पंगतीचं भागवायचं. आणि ही उजाडायच्या आत उठून मागच्या अंगणात लुगडं आणि कसली तरी फडकी धूत बसलेली. कालही धुतली होती, परवाही. बादलीभर पाणी मोरीत गेलं. मी म्हटलं, "लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुला रोज धुण्याची हौस सुचते? निदान या साली तरी जरा भान ठेव."

ओली फडकी पदराखाली धरून आत गेली. उन्हात वाळत घालायची सोडून आत कुठे घालते तेही कळत नाही.

नंतर वाईट वाटलं. पण पाण्याची किंमत घरातल्या माणसालाच कळू नये याचं जास्त वाटलं.

१५ मे, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

बसव जयंती. मिरवणूक आटोपून अय्या आमच्याकडे जेवायला आले. माझ्यासाठी केवढा मोठा दिवस. ओट्यावर पंगत, आत बैठकीत अय्यांचं ताट. अय्यांनी लिंगाला नैवेद्य दाखवला, जेवले, ताटात पाणी घालून बोटांनी धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. अन्नाचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही ही आमच्यातली जुनी रीत. मला भरून आलं.

तेवढ्यात ओट्यावरून दगडोबाचा आवाज आला, "काय बी म्हणा, सिंधुच्या हाताला चव हाय. पाडव्याचं पुरण काय, आजची भाकर काय. अम्माच्या हाताची विसरायला झाली."

मी उठून स्वयंपाकघराचं दार ढकललं. चुलीपुढे सिंधु होती. परातीत पीठ, तव्यावर भाकरी. आणि भिंतीकडेला पोत्यावर ही आडवी पडलेली, डोळे मिटून. तिथून सांगत होती, "जरा उलट ती. करपंल."

सिंधुने मला पाहिलं. हात थांबवला नाही.

दोन महिने. दोन महिने मी लिंगाला जो नैवेद्य दाखवला तो हिच्या हातचा नव्हताच. आणि आज अय्यांनीही तेच खाल्लं. बाहेर येऊन अय्यांपुढे हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं, मला प्रायश्चित्त सांगा म्हटलं.

अय्या तोंड पुसत होते. म्हणाले, "जेवण चांगलं झालं होतं. लक्ष्मम्मा कुठं हाय?"

"आत. पडली आहे."

"मग हितं काय करायलास माझ्यापुढं हात जोडून?"

एवढं बोलून ते उठले. दाराशी थांबले. "पाडव्याच्या आधी मठात आली होती ती. शिधा दिला तर नवस चालतो का म्हून विचारायला. मी म्हणालो चालतो, नवऱ्याला सांग. तुला सांगितलं न्हाई का?"

मठातलं सांगितलं नव्हतं. पण त्याच्याही आधी मलाच विचारलं होतं. मीच दाण्यांची गोष्ट सांगून बसलो होतो.

पंगत उठल्यावर सिंधु माझ्याजवळ आली. बायामाणसांचं पुरुषाला सांगताना लाजतात तशी लाजली नाही. "आप्पा, अम्माच्या अंगावरून जायलंय. दीड-दोन महिने झालं. पाण्याच्या खेपांनी झालं ते. टाक्याजवळ गोळा आलाय. मी म्हटलं आप्पांला सांगा. तर म्हणल्या, त्यांचा नवस मोडंल, ते भितील. म्हून मी चुलीला बसले. तुमी न्हाई म्हणल्यालं मला ठावं होतं. पण माणूस पडल्यालं बघवतंय का?"

ती फडकी. रोजची ती धुणी. आणि मी पाण्याची किंमत शिकवत होतो.

१६ मे, सोमवार

सकाळच्या गाडीने लातूरला न्यायचं ठरलं. दगडोबा टांगा बघायला गेला. आणि तेवढ्यात माझ्या मनात आलंच, खोटं लिहीत नाही, की आत्ता निघालो तर आजचा पाहुणा कोण? मी हिला म्हटलं, "बाया दुपारी येतील. एकीला तरी वाढून दुपारच्या गाडीने निघू. तेवढ्याने काय होतं?"

ही भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "साकु."

घरात कानडी आता उरली नाही, ही फार दमली की एखादा शब्द निघतो. साकु म्हणजे पुरे.

"नवस मोडला तर मी मरीन, असं वाटतंय ना तुमाला? तुमी भ्याल म्हून मी बोलले न्हाई. पण नवस चालला तर मी मरायले, हे कुणाला सांगू? नवस तुमी बोललाव. चूल माझी. घागर माझी. मी जगले म्हून तुमी देवाचं उपकार फेडायलाव, आन् फेडायला मलाच लावलाव."

मी म्हटलं, तू एकदा तरी बोलायचंस.

"बोलले की. शिधा म्हणले. शिवप्पाला लातूरचं काढ म्हणले, तवा तुमी त्याच्याशी भांडलाव. अजून कसं बोलतेत?"

मग ती म्हणाली, "टोपलीत कालची भाकर हाय. घ्या. खावा."

"अगं, पाहुणा..."

"पाहुणा न्हाई. कुणी न्हाई. आधी तुमी. माझ्यासमोर खावा, मग मी गाडीत बसते. न्हाईतर बसत न्हाई."

शिळी भाकरी, वर चटणी. मी जन्मात कशाला इतका भ्यालो नसेन. घास तोंडात घातला आणि तिच्याकडे बघत राहिलो, जणू आत्ताच तिला काही होणार. घास फिरेना.

"गिळा," ती म्हणाली.

गिळला.

"काय बघायलाव? हाय मी." आणि ती हसली, पोट धरून. मी म्हातारा माणूस, त्या भाकरीवर मुसमुसून रडलो. तिने रडू दिलं आणि अख्खी भाकरी संपेपर्यंत समोरून हलली नाही.

१८ मे, बुधवार. लातूर

डॉक्टर म्हणाले आतली जखम पुन्हा उघडली आहे, अंगात रक्त नाही. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. पुन्हा टाके घालावे लागले. शिवप्पाने रक्त दिलं. माझ्याशी बोलत नाही तो. बरोबर आहे त्याचं.

डॉक्टर तरुण आहे, भराभर विचारतो. वय काय, त्रास कधीपासून, आधी कुणी बघितलं. मी एकेक सांगत गेलो, जे सिंधुकडून कळलं होतं तेवढं. मग त्याने विचारलं, "या जेवतात कधी? दिवसातून किती वेळा? काय खातात?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

बांगडीवाल्याने किती भाकऱ्या खाल्ल्या ते मला आठवतं. दगडोबाला तिखट चालत नाही, आंधळ्याला ताक लागतं, कुणी आमटीला नावं ठेवली, सगळं ठाऊक आहे. आधी पाहुणा, मग मी. माझ्यानंतर कोण जेवतं ते मी कधी बघितलंच नाही. मी जेवून हात धुतला की ओट्यावर जाऊन आडवा होत असे. डॉक्टर वाट बघत होता. महानंदा मधे पडली. म्हणाली, "अव्वा उरलं तर खातात." डॉक्टरने ते लिहून घेतलं.

२९ मे, रविवार. लातूर

हिला शिवप्पाच्या घरी आणून आठवडा होत आला. उठून बसते. जिल्ह्याच्या गावी माझा जीव रमत नाही, पण नळाला पाणी येतं हे कबूल करावं लागेल. शिवप्पा आता जेवढ्यास तेवढं बोलतो.

दगडोबा उदगीरहून आला होता, हिची खबर घ्यायला. निघताना घराची किल्ली मी सिंधुकडे देऊन, कणगीतली ज्वारी घ्या म्हणून सांगून आलो होतो. बाया आता आमच्या अंगणात त्यांच्या त्यांच्या चुली मांडतात, ज्वारी घेतात, पाणी शेंदतात, रांधतात, खातात. दगडोबालाही देतात. तो म्हणाला, "लई झकास चाललंय आप्पा. तुमी समोर बसल्यालं नसताव, तर पोरी जरा हसून-बोलून जेवायल्या. आधी तुमचं तोंड बघून घास अडकायचा." मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मलाच हसू आलं.

अय्यांना निरोप पाठवला होता, नवस मोडला, आता काय करू म्हणून. दगडोबा उत्तर घेऊन आला. अय्या एवढंच म्हणाले, लिहिणं बंद करू नको.

दुपारी महानंदा दुकानावर डबा घेऊन गेली. घरात आम्ही दोघंच. मी हिचं ताट वाढलं. भाकरी महानंदाची, भात मी लावला होता, खाली लागला. ताट तिच्यापुढे ठेवलं तर पदर सावरून म्हणाली, "तुमी जेवा की आधी."

"मी नंतर."

"मग जावा तिकडं. असं बघत बसलाव तर मला खावायचं न्हाई."

मी गेलो नाही. तिथेच खाली बसलो. तिने भाकरीचा तुकडा मोडला, ताकात कुस्करला. मिरचीला शिवली नाही. मला वाटत होतं तिला तिखट आवडतं, आमच्या घरी तर सगळं झणझणीतच होतं. करपलेला भात बाजूला सारला नाही, तोही खाल्ला. मधे एकदा थांबून पाणी प्यायली.

लग्नाला आमच्या चाळीसेक वर्षं झाली असतील, आणि ही जेवताना मी आज पहिल्यांदा पाहिली. फार हळू जेवते ती.